आधी मोजे नीट घाला!

"किती पडले?"

हे दोन शब्द तुम्ही शेवटचे कधी ऐकलेत? आणि खरं सांगायचं तर, शेवटचे कधी विचारलेत?

आमच्या घरी हा प्रश्न मागच्या मे महिन्यात आला. धाकट्या भावाचा बारावीचा रिझल्ट होता. आम्ही बडोद्याचे मराठी. घरात मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी. पण "किती पडले?" तिन्ही भाषांत सारख्याच वेगाने जिने चढतं. भावाला ७१ टक्के पडले. वर्षभर पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसणारा पोरगा. बाबा काही बोलले नाहीत, फोन उचलून गॅलरीत गेले. आईने हळूच विचारलं, "आणि खालच्या मजल्यावरच्या तिला किती?" भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

त्याच आठवड्यात मी या सदरासाठी एका बास्केटबॉल कोचबद्दल वाचत होते. आधीच कबूल करते, मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी बीए केलं ते इंग्रजी घेऊन. पण वाचता वाचता लक्षात आलं की हे गृहस्थही कॉलेजात इंग्रजीच शिकले होते आणि कोच म्हणून गाजण्याच्या कितीतरी आधी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आणि त्यांचा सगळ्यात मोठा विचार मैदानावर नाही, मुलांच्या मार्कांवरून पालक नाराज झालेले बघून सुचला होता.

मग मी पुढे वाचतच गेले. आज तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगते. त्यांचं नाव जॉन वुडन.

दहा वेळा विजेते

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल हे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखं नसतं. हजारो प्रेक्षक, टीव्ही, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळं असतं. दर मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होते आणि ती बाद पद्धतीची. एक सामना हरलात की बॅग भरा आणि घरी जा.

अशी स्पर्धा एकदा जिंकली तरी कोचचं नाव होतं. वुडन यांच्या यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने ती १२ वर्षांत १० वेळा जिंकली. १९६७ ते १९७३ अशी सलग ७ वर्षं. त्यातच १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने एकदाही न हरता. ४ हंगाम तर असे गेले की वर्षभरात एकही पराभव नाही.

आकडे इथेच सोडू या. कारण हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला की आकड्यांवरून यश मोजू नका.

टोपलीचा तळ काढला

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं हॉल हे छोटंसं गाव. घर शेतकऱ्याचं. वीज नाही, घरात नळ नाही. बास्केटबॉल हा खेळच तेव्हा तसा नवा होता. १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीचची फळं ठेवायच्या टोपल्या भिंतीला टांगून तो सुरू केला होता. वुडन यांच्या वडिलांनीही तेच केलं. टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढला आणि ती शेतावरच्या कोठारात ठोकून दिली. आईने जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू शिवला. झालं मैदान तयार!

रात्री दिव्याच्या उजेडात वडील मुलांना बायबल आणि कविता वाचून दाखवायचे. वडिलांनी शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. खोटं बोलू नका, फसवू नका, चोरी करू नका. कुरकुर करू नका, तक्रार करू नका, सबबी सांगू नका. आणि एक महत्त्वाची: दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरायच्या मागे लागू नका, पण स्वतःला जितकं चांगलं होता येईल तितकं होण्याचा प्रयत्न कधी सोडू नका.

बोलणं सोपं असतं. पण या घराची परीक्षा लवकरच झाली. डुकरांना टोचलेली लस खराब निघाली आणि जनावरं मेली. कर्ज फिटेना, शेत गेलं. कुटुंबाला मार्टिन्सव्हिल या गावात येऊन राहावं लागलं. वडिलांनी तिथे मिळेल ते काम केलं. वुडन सांगायचे की त्यांनी वडिलांच्या तोंडून त्याबद्दल एकही तक्रार ऐकली नाही.

मार्टिन्सव्हिल हे बास्केटबॉलवेडं गाव. शाळेच्या जिममध्ये गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं बसतील एवढी जागा होती! त्या शाळेकडून वुडन सलग ३ वर्षं राज्याच्या फायनलमध्ये खेळले आणि १९२७ मध्ये जिंकले. त्याच शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारी नेल नावाची मुलगी होती. सामना सुरू होण्याआधी वुडन तिच्याकडे बघून हळूच खूण करायचे. ही नेल पुढे या गोष्टीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

कॉलेजसाठी ते पर्ड्यू विद्यापीठात गेले. निघाले होते सिव्हिल इंजिनीअर व्हायला. पण त्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरांना जावं लागे आणि वुडन यांना सुट्टीत कमवावं लागे. म्हणून त्यांनी इंग्रजी घेतलं. (इंजिनीअरिंग सोडून इंग्रजी! आपल्याकडे सांगून बघा.) खेळात मात्र त्यांनी कमाल केली. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत सलग ३ वर्षं त्यांचं नाव होतं.

पालकांची तक्रार

१९३२ साल. महामंदीचे दिवस. लग्नासाठी वुडन यांनी नऊशेहून थोडे जास्त डॉलर साठवले होते. लग्न अगदी तोंडावर आलेलं असताना त्यांची बँक बुडाली आणि सगळे पैसे गेले. तरी ८ ऑगस्टला लग्न झालं आणि दोघं केंटकी राज्यातल्या डेटन गावी गेली. तिथल्या शाळेत वुडन इंग्रजी शिकवायचे आणि खेळांचे कोचही होते.

पहिल्या हंगामात त्यांच्या संघाने ६ सामने जिंकले आणि ११ हरले. हो, हेच ते वुडन! स्वतः उत्तम खेळता येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं, हे त्यांना तिथे कळलं. शिकवण्याच्या कामात सुरुवातीला आपल्याकडे धीर फार कमी होता, असं ते पुढे मोकळेपणाने सांगायचे.

आणि इथेच ती मार्कांची गोष्ट येते.

अमेरिकेतल्या शाळांत ए, बी, सी अशा श्रेणी देतात. सी म्हणजे सर्वसाधारण. इंग्रजीच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला सी मिळाली की पालक नाराज व्हायचे. मुलाने कमी अभ्यास केला असेल किंवा मास्तरांनी नीट शिकवलं नसेल, दोघांपैकी कुणीतरी दोषी असणारच. वुडन यांच्या लक्षात एक गंमत आली. शेजाऱ्याच्या मुलाला सी मिळाली तर ती सगळ्यांना चालते. देवाने काही मुलं सर्वसाधारणच घडवलेली असतात, असं लोक म्हणतात. फक्त ते मूल आपल्या घरातलं नसावं!

२००१ साली, वयाच्या नव्वदीत, टेडच्या मंचावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा प्रेक्षक हसले. मीही हसले. मग मला आमच्या आईचा तो प्रश्न आठवला आणि हसू थांबलं.

वुडन यांना वाटलं, ज्या मुलाने जीव तोडून अभ्यास केला आणि त्याला सी मिळाली, त्याला नापास झाल्यासारखं का वाटावं? आणि ज्याला फार कष्ट न करता ए मिळाली, त्याला आपण यशस्वी का म्हणायचं? म्हणून १९३४ साली त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. तिचा सारांश असा: यश म्हणजे मनाचं समाधान. आपल्याला जितकं चांगलं होता येणं शक्य होतं, तितकं होण्यासाठी आपण जमेल ते सगळं केलं, हे स्वतःला माहीत असण्यातून येणारं समाधान.

म्हणजे निकाल दुसऱ्याच्या हातात असतो, मोजमाप मात्र आपल्या आत असतं. ते फक्त आपल्यालाच खरं माहीत असतं. जगाला फसवता येईल, स्वतःला नाही.

नुसती व्याख्या मुलांना कशी समजणार? म्हणून त्यांनी एक पिरॅमिड काढायला घेतला. १५ ठोकळे, प्रत्येक ठोकळा एक गुण. पायाच्या दोन कोपऱ्यांत मेहनत आणि उत्साह. मध्ये मैत्री, निष्ठा, सहकार्य. हा पिरॅमिड मनासारखा व्हायला त्यांना १४ वर्षं लागली.

ज्याला जागा नव्हती, तो खेळाडू

नौदलातली नोकरी संपवून १९४६ मध्ये वुडन इंडियाना स्टेट या कॉलेजचे कोच झाले. पहिल्याच हंगामात संघ चांगला खेळला आणि १९४७ च्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळायला बंदी होती. आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता.

आता विचार करा. वॉकर काही मुख्य खेळाडू नव्हता. तो बहुतेक वेळा बाकावर बसणारा राखीव खेळाडू. त्याला घरी ठेवून बाकीचे गेले असते तर त्या काळात कुणी प्रश्नही विचारला नसता. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं.

पुढच्या वर्षी पुन्हा निमंत्रण आलं. या वेळी विरोध वाढल्यावर आयोजकांनी बंदी उठवली. १९४८ मध्ये वॉकर कॅन्सस सिटीत त्या स्पर्धेत खेळला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. संघ फायनलमध्ये हरला. पण माझ्या मते वुडन यांच्या सगळ्या कारकिर्दीत याहून मोठा विजय नाही.

१६ वर्षांची वाट

त्याच वर्षी त्यांना नवी नोकरी मिळाली, तीही वादळामुळे. मिनेसोटा आणि यूसीएलए, दोन्ही विद्यापीठांशी बोलणं चालू होतं. मनातून त्यांना मिनेसोटाला जायचं होतं. ठरलेल्या संध्याकाळी मिनेसोटाचा फोन आलाच नाही. त्यांना वाटलं, नकार असावा. मग यूसीएलएचा फोन आला, त्यांनी होकार दिला. थोड्या वेळाने मिनेसोटाचाही फोन आला. हिमवादळाने तारा तुटल्या होत्या! पण एकदा दिलेला शब्द वुडन यांनी मागे घेतला नाही.

यूसीएलएमध्ये काय होतं? एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचं जिम. कोंदट, घामाच्या वासाचं. तिथेच कुस्तीवाले, तिथेच जिम्नॅस्टिक्सवाले. सरावाआधी वुडन स्वतः मदतनिसांबरोबर फरशीवरून ओला पोछा फिरवायचे. नवीन स्टेडियम तीनेक वर्षांत होईल असं सांगितलं होतं. ते झालं १९६५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी. दरम्यान १९५० मध्ये त्यांच्या जुन्या पर्ड्यूने बोलावलं, चांगल्या पगारावर. जावंसं वाटत होतं. पण ३ वर्षांच्या कराराचा आग्रह त्यांनी स्वतःच धरला होता. मग मोडणार कसा? ते राहिले.

संघ चांगला खेळायचा, पण राष्ट्रीय विजेतेपद काही मिळेना. एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं.

आणि मग १९६४. सुरुवातीच्या पाच खेळाडूंत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कुणी नव्हतं. बास्केटबॉलच्या मानाने बुटकी टीम! सहाय्यक कोच जेरी नॉर्मन यांनी सुचवलं की समोरच्यांना त्यांच्याच बाजूला, चेंडू हातात येताच घेरायचं. वुडन यांनी सहाय्यकाचं ऐकलं. त्या वर्षी ३० सामने खेळले, ३० जिंकले. फायनल झाली कॅन्सस सिटीत. त्याच शहरात, जिथे १६ वर्षांपूर्वी क्लॅरेन्स वॉकर खेळला होता.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न मला माहीत आहे, कारण माझ्या बाबांनीही तोच विचारला. "दहा वेळा जिंकलेल्या माणसाने जिंकण्याला महत्त्व नाही म्हणणं सोपं आहे ना?"

बरोबर आहे. पण तारखा बघा. व्याख्या लिहिली १९३४ मध्ये, पहिलं विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये. मध्ये अख्खी ३० वर्षं गेली. जिंकल्यावर सुचलेलं हे शहाणपण नव्हतं. ते आधी आलं, ट्रॉफ्या खूप नंतर आल्या.

पहिला धडा: मोजे

१९६५ मध्ये त्यांच्याकडे सात फुटांहून उंच एक मुलगा आला. लू अल्सिंडर. पुढे त्याने करीम अब्दुल-जब्बार हे नाव घेतलं. तुम्ही बास्केटबॉल बघत नसाल, तरी ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'मध्ये त्याच्याशी लढणारा तो ताडमाड माणूस आठवतो? तोच हा. नंतर बिल वॉल्टन आला. दोघंही शाळेपासूनच देशभर गाजलेले.

असे मोठमोठे खेळाडू हंगामाच्या पहिल्या सरावाला जमायचे. आता कोच काय गुपित सांगणार म्हणून कान टवकारायचे. आणि कोच सांगायचे: मोजे कसे घालायचे ते आज शिकू.

चेष्टा नाही. मोजा बोटांवर आणि टाचेवर नीट ओढायचा, हाताने सारखा करायचा, एकही सुरकुती ठेवायची नाही. मग बूट. नाडी एकेका भोकातून ओढून घट्ट करायची आणि पक्की बांधायची. कारण? सुरकुती राहिली तर फोड येतो. फोड आला तर सराव बुडतो. सराव बुडाला तर सामन्यात उणीव राहते. एवढं साधं.

सरावाचंही तसंच. रोज सकाळी सहाय्यकांबरोबर बसून त्या दिवशीच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा छोट्या कार्डांवर लिहायचा. कार्डं जपून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी काय चुकलं ते बघता येतं. उशिरा यायचं नाही. शिवी द्यायची नाही. सहकाऱ्यावर टीका करायची नाही. पासमुळे बास्केट झाली तर पास देणाऱ्याकडे बोट दाखवून किंवा मान हलवून त्याची दखल घ्यायची. आणि ड्रेसिंग रूम स्वच्छ करूनच बाहेर पडायचं. सफाई कामगार आपले नोकर नाहीत.

वॉल्टन एकदा वाढलेल्या केसांनी आला. केस कापायचा नियम सांगायचा तुम्हाला हक्क नाही, असं म्हणाला. वुडन म्हणाले, खरंच नाही. फक्त संघात कोण खेळेल हे ठरवायचा हक्क मला आहे, आणि आम्हाला तुझी आठवण येईल. वॉल्टन सायकल काढून थेट न्हाव्याकडे!

शाबासकी कमी, ओरडाही कमी

१९७४-७५ च्या हंगामात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ वुडन यांच्या सरावाला जाऊन बसले. इतका मोठा कोच मुलांशी नेमकं बोलतो तरी काय, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी शिकवण्याच्या २,३२६ छोट्या छोट्या कृती नोंदवल्या.

तुम्हाला काय वाटतं, जास्त काय असेल? शाबासकी की ओरडा?

दोन्हीही नाही. कौतुक ७ टक्क्यांहून कमी, नाराजीही ७ टक्क्यांहून कमी. सुमारे ७५ टक्के बोलणं म्हणजे निव्वळ माहिती. काय कर, कसं कर, पाय कुठे ठेव. कुणी चुकलं तर भाषण नाही. आधी बरोबर कसं ते स्वतः करून दाखवायचं, मग तू कसं केलंस ते, मग पुन्हा बरोबर कसं ते. काही सेकंदांचं काम, की सराव पुढे चालू.

हे वाचून मी थबकले. आपल्या घरात मुलांशी होणारं बोलणं असं कुणी मोजलं तर? "शाब्बास!" खूप निघेल. "अक्कल नाही का?" त्याहून खूप. पण "हे असं करून बघ" किती निघेल?

या पद्धतीचा सगळ्यात गोड नमुना म्हणजे स्वेन नेटर. वॉल्टनसारखा खेळाडू असताना नेटरला मुख्य संघात जागा मिळणं अशक्य होतं. रोज सरावात वॉल्टनच्या समोर उभं राहायचं, हेच त्याचं काम. कॉलेजात तो एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तरी १९७३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव पहिल्याच फेरीत आलं. पुढे तो शिक्षणाच्या क्षेत्रातही रमला आणि वुडन यांच्या शिकवण्याच्या पद्धतीवर गॅलिमोर यांच्याबरोबर त्याने पुस्तक लिहिलं. बाकावर बसलेला मुलगाही शिकत असतो, फक्त शिकवणाऱ्याने त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं.

तेही माणूसच

वुडन संत नव्हते. तोंडून शिवी कधी नाही, पण गुंडाळलेला कागद हातात धरून ते पंचांना आणि कधी समोरच्या खेळाडूंनाही टोमणे मारायचे. त्यांच्या काळात सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत समर्थक खेळाडूंना नियमबाह्य मदत करायचा. वुडन निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच्यामुळे विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन यांनी तिकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं, असं आजही अनेक जण म्हणतात. मला तेही सांगावंसं वाटलं, कारण मुलांसमोर आदर्श ठेवताना आपण त्याचे डाग पुसून टाकतो आणि मग मुलांना वाटतं की चांगली माणसं चुकतच नाहीत.

शेवटचा सामना, शेवटचा टोमणा

१९७५ मध्ये सेमीफायनल जिंकल्यावर त्यांनी खेळाडूंना सांगितलं की फायनल हा माझा शेवटचा सामना. ३१ मार्चला सॅन डिएगोत केंटकीच्या संघाला ९२-८५ असं हरवून त्यांनी दहावं विजेतेपद मिळवलं.

आणि त्या मैदानावरच एक समर्थक येऊन काय म्हणाला असेल? मस्त जिंकलात कोच, मागच्या वर्षी आमची निराशा केली होती, त्याची भरपाई झाली!

मागच्या वर्षी ते सेमीफायनलमध्ये हरले होते. बस, एक वर्ष. दहा ट्रॉफ्या दिल्या तरी लोक अकराव्याचा हिशोब विचारतात. ९५ टक्के मिळाले की उरलेले पाच कुठे गेले, असं विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. वुडन हा किस्सा स्वतः सांगायचे. लोकांच्या फूटपट्टीने स्वतःला मोजायचं ठरवलं तर ती पट्टी कधीच संपत नाही.

बाय द वे, त्यांचा पगार शेवटपर्यंत वर्षाला ३५ हजार डॉलरच्या वर गेला नाही.

दर महिन्याच्या २१ तारखेला

आणि आता नेल. बँडमधली ती मुलगी. यूसीएलएच्या सामन्यांतही वुडन सामना सुरू होण्याआधी प्रेक्षकांत तिला शोधायचे आणि शाळेतलीच ती खूण करायचे. जवळजवळ ५३ वर्षांचा संसार. २१ मार्च १९८५ ला नेल गेली.

त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला वुडन तिला पत्र लिहायचे. तुझी आठवण येते, मुलं-नातवंडं अशी आहेत. पत्र तिच्या उशीवर, आधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवायचे. हे किती वर्षं चाललं? वीस वर्षांहून जास्त, अगदी म्हातारपणी नजर साथ देईनाशी होईपर्यंत. ४ जून २०१० ला ते गेले. शंभरी पूर्ण व्हायला चारच महिने बाकी होते.

या पत्रांना कुणी मार्क देणार नव्हतं. कुणी वाचणारही नव्हतं. तरी दर महिन्याला, न चुकता. यशाची त्यांची व्याख्या मला पिरॅमिडपेक्षा या पत्रांतून जास्त कळली.

आमच्या घरी पुढे काय झालं?

चमत्कार वगैरे काही नाही. जेवताना मी पालकांच्या तक्रारीची ती गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या मुलाला सी चालते, हे ऐकून बाबा हसले, मग गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या खोलीतून त्यांचा आवाज आला.

"फिजिक्समध्ये कुठला धडा जड गेला रे? दाखव जरा."

एवढंच. शाबासकी नाही, ओरडा नाही. पण भाऊ उठून पुस्तक आणायला गेला, ते मी दारातून बघितलं.

तुमच्याही घरात कुणाचा रिझल्ट लागणार असेल, मार्कांचा, नोकरीचा, नाहीतर मॅचचा, तर "किती पडले?" च्या आधी एक दुसरा प्रश्न विचारून बघाल? "तुला जमेल तेवढं सगळं केलंस ना?" उत्तर 'हो' असेल तर जेवायला बसा. 'नाही' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उघडा, आणि मोज्यांपासून सुरुवात करा.

भेटू पुढच्या भागात!